दावा एक, न्यायाधीश पाच. यातले माझे कोणते?

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

मी ५३ वर्षांची. माहेर सातारा जिल्ह्यात, सासर पुण्यात. वडील २०१४ साली गेले. गावची सव्वाचार एकर जमीन आणि राहतं घर यांत माझा हिस्सा मिळावा म्हणून २०१९ मध्ये तालुक्याच्या कोर्टात दोन भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावला. आईलाही प्रतिवादी केलंय, पण ती माझ्या बाजूनं आहे. पहिल्या साहेबांनी जमीन विकायला मनाई केली. भाऊ जिल्हा कोर्टात गेले. तिथल्या न्यायाधीशांनी मनाई कायम ठेवली, पण निकालात लिहिलं की वादीचा हिस्सा पुराव्यानं शाबीत व्हावा लागेल. मग समेटासाठी आम्हाला तिसऱ्याच न्यायाधीशांपुढे बसवलं. तिथं मी बोलून गेले की एक एकर दिली तरी मी थांबेन. भावांनी तेही मानलं नाही. पुढे ज्या मॅडमपुढे माझी साक्ष झाली, माझे अश्रू ज्यांनी पाहिले, त्यांची बदली झाली. आता आलेले साहेब मान वर करून बघतही नाहीत. थोरला भाऊ म्हणतो, प्रांतांनी आमच्या बाजूनं निकाल दिलाय, तुझ्या दाव्यात काही उरलं नाही. गावातले एक गृहस्थ म्हणतात, नव्या साहेबांपर्यंत शब्द पोचवतो. मी जिल्हा न्यायाधीशांना सगळी हकीकत लिहून कळवू का? का आता सगळं पहिल्यापासून सुरू होणार?
– एक बहीण

ताई,

शेवटून सुरुवात करते. त्या गृहस्थांना आजच सांगा की शब्द पोचवायची गरज नाही. असे शब्द बहुतेक वेळा कुठेच पोचत नाहीत, पैसे मात्र पोचतात. आणि समजा पोचलाच, तर तुमचा सरळ दावा तुम्ही स्वतःच्या हातानं वाकडा केलात. जिल्हा न्यायाधीशांनाही पत्र लिहू नका. ते का, हे पुढे सांगते.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही पाच न्यायाधीशांपुढे उभ्या राहिलात आणि पाचही जणांकडे एकच गोष्ट मागितलीत: माझं ऐका आणि माझा हिस्सा द्या. त्यातल्या तिघांच्या हातात हिस्सा देणं नव्हतंच. त्यांनी दिला नाही म्हणून तुम्ही खचलात, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापुढे आता जायची भीती वाटतेय. म्हणून कोण काय करतं ते एकदा नीट समजून घ्या.

तुमचा दावा आहे तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे. दाव्याच्या कागदांवर रे.मु.नं., म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, असं लिहिलेलं असेल, ते याच कोर्टाचं. महाराष्ट्रात पाच लाखांपर्यंत मूल्यांकन असलेले दावे इथे चालतात आणि त्यावरचे वरिष्ठ स्तराकडे जातात. सरकार पक्षकार असेल तर रक्कम कितीही असो, दावा वरिष्ठ स्तराकडेच जातो. 'कनिष्ठ' या शब्दानं नाराज होऊ नका. तुमच्या हिश्श्याचा निकाल देण्याचा पूर्ण अधिकार या खुर्चीला आहे आणि वरची सगळी कोर्टं तिनं नोंदवलेल्या पुराव्यावरच काम करतात. दाव्याच्या शेवटी मूल्यांकनाचा परिच्छेद असतो, तो मात्र वकिलांकडून समजून घ्या. भावांनी त्यावर हरकत घेतली असेल तर तो मुद्दा आताच कळलेला बरा.

आता नव्या साहेबांबद्दल. ते मान वर करत नाहीत याचं कारण तुम्ही नाही, त्यांच्यापुढचं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी आहे. तालुक्याला तोच माणूस दिवाणी न्यायाधीशही असतो आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही. सकाळी पोलीस आरोपीला रिमांडसाठी घेऊन आलेले असतात, मग चेक न वटल्याच्या केसेस, मग पोटगी, आणि त्यातूनच तुमच्या वाटपाचा पुकारा होतो. मान खाली आहे म्हणजे बहुतेक वेळा ते रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद, वाचत असतात. दाव्यात आजपर्यंत काय घडलं हे त्यांना कळण्याची ती एकच वाट आहे, आणि तीच योग्य आहे.

मॅडम बदलून गेल्या म्हणून काही पहिल्यापासून सुरू होत नाही. न्यायाधीशांची साधारण तीन वर्षांनी बदली होतेच आणि आपले दावे त्याहून जास्त चालतात, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत अठराव्या आदेशाच्या पंधराव्या नियमात सरळ लिहिलंय की आधीच्या न्यायाधीशांनी जिथे काम सोडलं तिथून नव्यांनी पुढे चालवावं. तुमची साक्ष झाली ती झाली. पुन्हा पिंजऱ्यात उभं राहावं लागणार नाही. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. तोंडी युक्तिवाद ऐकून निकाल लिहायच्या आधी न्यायाधीश बदलले, तर युक्तिवाद नव्यांपुढे पुन्हा करावा लागतो. आणि नव्या न्यायाधीशांना एखादी गोष्ट स्पष्ट करून हवी असेल तर ते साक्षीदाराला परत बोलावू शकतात, पण असं क्वचितच होतं.

तुमच्या अश्रूंचं विचारलंत, तर खरं सांगते. साक्षीदार कसा वागला याची नोंद करण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे, त्याच आदेशाच्या बाराव्या नियमात. ती नोंद नेमकी पुढे येणाऱ्याला उपयोगी पडावी म्हणूनच असते. पण सहसा ती होते साक्षीदार उत्तर टाळतो किंवा वकिलाकडे बघून बोलतो तेव्हा. रडण्याची नोंद मी फारशी पाहिलेली नाही. तेव्हा अश्रू मॅडमबरोबर गेले असं धरा. राहिली ती तुमची उत्तरं. नक्कल विभागात अर्ज देऊन तुमच्या सरतपासाच्या शपथपत्राची (तुमच्या बाजूनं दिलेली साक्ष) आणि उलटतपासाची नक्कल काढा आणि शांत बसून वाचा. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी आहे, तुम्हाला सगळं समजेल. भावाच्या वकिलांनी 'वडील हयात असतानाच तोंडी वाटप झालं होतं हे म्हणणं खरं आहे काय?' असं विचारलं असणार. अशा प्रश्नाला बहुतेक जण घाईत काहीतरी बोलून जातात. तुम्ही काय बोललात ते शोधा. 'हे म्हणणे खरे नाही' असं तिथं असेल तर त्या एका ओळीचं वजन तुमच्या सगळ्या रडण्यापेक्षा जास्त आहे. तोंडी वाटपाची सबब मुलींचा हिस्सा बुडवायला सहज पुढे केली जाते, म्हणून २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ती सहजासहजी मान्य करू नये, ती सिद्ध करण्याचं ओझं भारी असावं. ते ओझं तुमच्या भावांवर आहे.

आता पहिल्या साहेबांकडे आणि जिल्हा कोर्टाकडे येऊ. दाव्याबरोबर तुमच्या वकिलांनी तात्पुरत्या मनाईचा अर्ज दिला होता. त्याला आमच्याकडे नुसतं 'निशाणी ५' म्हणतात. हा अर्ज चालवताना न्यायाधीश हिस्सा ठरवत नाहीत. ते तीन गोष्टी बघतात: वरवर पाहता वादीच्या म्हणण्यात दम आहे का, मनाई दिली किंवा नाही दिली तर कोणाची अडचण जास्त, आणि पैशानं भरून न येणारं नुकसान होईल का. जमीन विकली गेली तर वाटप कशाचं करायचं? म्हणून मनाई मिळाली. तो तुमचा विजय नव्हता, पण पायाखालची जमीन मात्र राहिली.

त्या हुकुमावर भावांनी जिल्हा न्यायाधीशांपुढे किरकोळ दिवाणी अपील केलं. तिथं प्रश्न एवढाच होता की खालच्या कोर्टानं मनाई देताना आपला अधिकार नीट वापरला की नाही. 'हिस्सा पुराव्यानं शाबीत व्हावा लागेल' हे वाक्य तुम्हाला घाबरवण्यासाठी नाही, किंबहुना ते तुमच्याही रक्षणासाठी आहे. त्याचा अर्थ असा की मनाईच्या टप्प्यावर आम्ही जे काही म्हटलं ते अंतिम समजू नका, मूळ दावा स्वतंत्रपणे ठरवा. असं वाक्य जवळजवळ प्रत्येक मनाईच्या निकालात सापडेल. तुमच्या वकिलांनी ते त्याच दिवशी समजावून सांगायला हवं होतं.

जिल्हा न्यायाधीशांची आणखी दोन कामं आहेत. तुमच्या दाव्याचा निकाल लागला आणि तो कोणाला पटला नाही, तर ३० दिवसांत अपील त्यांच्याकडेच होतं. ते मात्र खरं मोठं अपील: पुरावा आणि कायदा दोन्ही नव्यानं तपासतात. दुसरं काम प्रमुख जिल्हा न्यायाधीशांचं. जिल्ह्यातल्या कोर्टांवर देखरेख ठेवणं, कामाचं वाटप करणं, आणि सबळ कारण असेल तर दावा एका न्यायाधीशाकडून काढून दुसऱ्याकडे देणं. तुमच्या पत्राला मी नको म्हणते ते यामुळे. जे जिल्हा कोर्ट उद्या तुमचं अपील ऐकणार, त्याला खासगीत हकीकत कळवायची नसते. समोरच्याला न कळवता पाठवलेलं पत्र वाचून ते काही करूही शकत नाहीत. नव्या साहेबांबद्दल खरोखर काही ठोस घडलं, म्हणजे भावाचं त्यांच्याशी नातं निघालं किंवा असंच काही, तर संहितेच्या कलम २४ खाली शपथपत्रासह दावा वर्ग करण्याचा अर्ज करता येतो. भावांना नोटीस निघते आणि उघड सुनावणी होते. पण 'मान वर करत नाहीत' हे त्याचं कारण होऊ शकत नाही. असा अर्ज फेटाळला गेला तर त्याच साहेबांपुढे परत उभं राहायचं आहे, हेही विसरू नका.

आता ते एक एकर. तुम्हाला झोप लागत नाही ती बहुधा त्यामुळेच.

समेटासाठी तुम्हाला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे बसवलं ते मुद्दाम. ज्यांनी निकाल द्यायचा त्यांनीच तडजोडीला बसवलं तर पक्षकार मोकळेपणानं बोलणार नाहीत, आणि बोलले तर ते न्यायाधीशांच्या कानात राहणार. म्हणून कलम ८९ खाली मध्यस्थीला पाठवताना माणूस बदलतात. ते न्यायाधीश त्या खोलीत निकाल देणारे नव्हते, फक्त मध्यस्थ होते. तिथलं बोलणं गोपनीय असतं आणि दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यांनी तुमच्या कोर्टाला पाठवलेल्या अहवालात एवढंच असतं की तडजोड झाली किंवा झाली नाही. तुमच्या साहेबांना 'एक एकर' माहीत नाही. भावाच्या वकिलांनी युक्तिवादात तो विषय काढला तर तुमच्या वकिलांनी तिथल्या तिथे हरकत घ्यावी. (आणि यापुढे कुठेही बसाल तेव्हा कमीत कमी किती चालेल हा आकडा आधी फक्त वकिलांना सांगा. पहिल्याच बैठकीत टाकायचा नसतो तो.)

राष्ट्रीय लोकअदालतीचा निरोप येईल तेव्हाही हेच. पॅनलवर न्यायाधीश बसलेले दिसले तरी तिथे ते तुमच्यावर काही लादू शकत नाहीत; दोन्ही बाजूंची संमती लागते. मात्र एकदा सही केलीत की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच (डिक्रीसारखाच) असतो आणि त्यावर अपील नाही. कोणी म्हणेल, लोकअदालतीत मिटवलं की कोर्ट फी परत मिळते. मिळते खरी, पण तुम्ही भरलीच नसणार. मिळकतीच्या वादात महिला पक्षकारांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. भरून घेतली असेल तर वकिलांना जरूर विचारा.

थोरल्या भावाच्या 'प्रांतांच्या निकाला'बद्दल. प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी. ते महसुली अधिकारी आहेत, दिवाणी न्यायाधीश नाहीत. त्यांच्यापुढे जो वाद गेला असेल तो फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर नाव कोणाचं लागावं याचा. ती नोंद सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते, तिच्यानं मालकी ठरत नाही. मालकी आणि हिस्सा दिवाणी कोर्ट ठरवतं, आणि त्या निकालाप्रमाणे सातबारा बदलावा लागतो. उलट होत नाही. मात्र प्रांतांच्या आदेशाची नक्कल घेऊन वकिलांना द्या. त्यावर महसूल खात्यात वर अपील करायचं असेल तर मुदत असते, आणि ती उलटून जाऊ देऊ नका.

गंमत म्हणजे शेवटी तुम्हाला महसूल खात्याच्याच दारात जायचं आहे. हे फार थोड्या पक्षकारांना आधी सांगितलं जातं. उद्या निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी न्यायाधीश बांधावर येऊन जमीन मोजून देत नाहीत. सारा भरणाऱ्या शेतजमिनीत कोर्ट फक्त हिस्से जाहीर करतं, आणि संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून काम तहसीलदारांकडे येतं, भूमी अभिलेखचे मोजणीदार येतात, विहीर कोणाकडे, रस्ता कुठून, बागायत आणि जिरायत कसं विभागायचं, हे तिथं ठरतं. खरी भांडणं या टप्प्यावर होतात. कागदावर सारखे असलेले दोन हिस्से बांधावर सारखे नसतात, म्हणून मोजणीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा. पुण्यातून येणं गैरसोयीचं असलं तरी.

घराचं वेगळं. घराचं वाटप कोर्ट स्वतः करतं. आधी प्राथमिक हुकूमनामा, मग अंतिम हुकूमनाम्यासाठी अर्ज, मग कोर्टानं नेमलेला माणूस, म्हणजे कोर्ट कमिशनर, घर बघून अहवाल देतो, आणि त्यावर हरकती. म्हणजे एकाच निकालातून दोन वाटा फुटतात. निकाल लागून गेला आणि भाऊ जुमानत नाहीत असं झालं, तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावायची. दरखास्त चालवणारे न्यायाधीश हुकूमनाम्याच्या मागे जाऊन 'हा निकाल बरोबर होता का' हे बघत नाहीत, त्याची अंमलबजावणी करतात. त्यांच्यापुढे पुन्हा बालपणापासूनची कहाणी सांगू नका. बेलिफ कधी पाठवताय एवढंच विचारा.

उच्च न्यायालयाचं थोडक्यात, कारण तिथपर्यंत जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. जिल्हा कोर्टानंतरचं दुसरं अपील कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतात. कोण खरं बोललं याचा काथ्याकूट तिथे पुन्हा होत नाही. सातारकरांसाठी एक सोय मात्र झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय आणि सातारा जिल्हा त्याच्याकडे आहे. मुंबईच्या खेपा वाचल्या.

आता पुढच्या तारखेआधी काय करायचं ते. तुमच्या दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका. दावा कोणत्या न्यायाधीशांपुढे, कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसेल. गेल्या वर्षाभराच्या रोजनाम्यांच्या नकला घ्या. तारीख का पडली, मागितली कोणी, हे त्यात असतं. भावांकडून वारंवार मागितली गेली असेल तर नव्या साहेबांना दाखवायला यापेक्षा चांगला कागद नाही. वकिलांचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि एक काम सगळ्यात आधी. तुमच्या आईचं वय पत्रात नाही, पण तुम्ही ५३ च्या, म्हणजे त्या सत्तरी ओलांडलेल्या असणार. त्यांची साक्ष झालेली तुमच्या पत्रातून दिसत नाही. जमीन वडिलांकडे कुठून आली, तोंडी वाटप कधी झालंच नव्हतं, हे प्रत्यक्ष पाहिलेलं सांगणारं माणूस आता बहुधा तेवढंच आहे. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे कोर्टात येणं शक्य नसेल, तर कोर्ट कमिशनर नेमून घरी साक्ष नोंदवता येते, सव्विसाव्या आदेशाखाली. उलटतपासही तिथंच होतो आणि ती साक्ष दाव्याच्या कागदात जाऊन बसते; मग पुढे साहेब बदलोत की अपील होवो. डॉक्टरांचा दाखला जोडून हा अर्ज पुढच्याच तारखेला द्यायला सांगा. नवे साहेब तो वाचतील. तेव्हाही मान खालीच असेल.